दोन फोल्डर, एकच नंबर

"नवी डिस्क तुम्ही अडवून ठेवलीत. माझं बाळ त्याची फळं भोगतंय."

केंद्रप्रमुख श्रुतिका मॅडमनी तक्रार मोठ्यानं वाचली आणि टेबलावर टाकली. खाली सही नव्हती. 'तलासरी, केस ११२. तिचा नवरा.' एवढंच.

"नाव टाकायची हिंमत नाही," हेडक्लार्क नविनभाई हसले.

मोहन समोर उभा होता. सरावलीच्या या रक्त तपासणी केंद्राचा सर्व्हर तोच सांभाळायचा. खिशातला मोबाइल थरथरला. न बघताच त्यानं तो बंद केला.

"झालं काय, सरळ सांगा," मॅडम म्हणाल्या.

"सर्व्हरची डिस्क मेली. नवी मागितली, तीनदा. वरून आलं, भागवा. मग डहाणू आणि तलासरीच्या रिपोर्टचे फोल्डर मशीनच्या मेमरीत ठेवले आणि तिथून नेटवर्कवर दिले."

"बरं, मग?"

"डिस्कवरच्या फोल्डरला डिस्कची ओळख असते. मेमरीतल्याला काहीच नसते. हातानं नंबर द्यावा लागतो, प्रत्येकाला वेगळा. डहाणूला सात दिला. तलासरीसाठी सेटिंगची तीच ओळ कॉपी केली, गावाचं नाव बदललं. सात तसाच राहिला."

"त्यानं काय होतं?"

"तलासरीवाले आपला फोल्डर उघडायचे, उघडायचा डहाणूचा. एकशे बाराचा रिपोर्ट मागितला, डहाणूच्या एकशे बाराचा आला. सिकलसेल नाही म्हणून. ती मुलगी वाहक होती."

"नुसत्या वाहकाला काय होतंय रे?" नविनभाई म्हणाले.

"तिचा नवराही वाहक होता. त्याला ते माहीत होतं. तिचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तर लग्न केलं. बाळ आठ महिन्यांचं आहे. दोघंही वाहक, म्हणून त्याला आजारच झाला. हातपाय सुजलेत. रात्रभर रडतं."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "ती ओळ कोणी लिहिली?"

"मी."

"मोहनशेठ, गेलास तू!" नविनभाई म्हणाले.

"लिहून द्या तसं," मॅडम म्हणाल्या. "डिस्कचं त्यात काढू नका."

मोहननं चार ओळी लिहिल्या. सही केली.

मॅडमचा चेहरा सैल झाला. "आता त्या नवऱ्याला शोधा. सांगा, दोषी सापडला."

मोबाइल पुन्हा थरथरला. या वेळी मोहननं तो काढून टेबलावर, तक्रारीशेजारी ठेवला. पडद्यावर हातापायांना पट्ट्या बांधलेल्या बाळाचा फोटो होता. खाली नाव, 'जयवंती, घर'.

"शोधायला नको, मॅडम. तिचा नवरा मीच. माझं मी लिहून दिलं. डिस्क कोणी अडवली, ते कोण लिहून देणार?"