झिणझिण्या

आईच्या बाथरूममधल्या गीझरमधून कोमट पाणी यायला लागलं, म्हणून मुलाने मेकॅनिकला बोलावलं. झाकण उघडण्याआधी मेकॅनिकने सवयीने नळाला टेस्टर टेकवला आणि टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. तो दचकून मागे सरकला. "साहेब, आधी मेन स्विच बंद करा! कॉइल फुटली असणार, अर्थिंगची वायरही तुटली असेल. नळात करंट उतरलाय. घरात कुणाला झिणझिण्या येत नव्हत्या?" मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. आई महिनाभर तेच सांगत होती, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून. त्याने ते वयावर ढकलून गोळ्या सुरू केल्या होत्या. स्विच बंद करून तो तिच्या खोलीत धावला. "आई, तुझंच खरं होतं गं! नळातच करंट होता." आई म्हणाली, "तुम्हाला पटेना, पण मला शंका होतीच. म्हणूनच तुझ्या लेकीला नळाजवळ फिरकू दिलं नाही. तिची बादली रोज मीच भरायचे."