मयतीचं सामान
सायमनकाकांची बायको नाओमी सकाळी गेली आणि रोह्याच्या सेवा क्लबची पोरं अर्ध्या तासात दारात हजर झाली. ही शिस्त काकांनीच लावलेली: कुणाकडेही मयत झाली की सामान घेऊन आपण पोचायचं, घरच्यांना बाजारात धावायला लावायचं नाही. पोरांनी टेम्पोतून बांबू, सुतळी, मडकं, गवऱ्या उतरवल्या. काका ओटीवरून बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "रोशन, आमच्यात जाळत नाय रे, पुरतात." रोशनचे हात थांबले. गावात यहुद्यांचं हे एकच घर उरलेलं; त्यांच्यातली मयत त्यानं कधी पाहिलीच नव्हती. "चुकलं, काका. तुमच्यात काय काय लागतं, सांगा. आत्ता आणतो." काकांनी तोंड उघडलं. दुसऱ्यांच्या मयतीचं सामान त्यांना पाठ होतं. आपल्यातलं मात्र ते नेहमी नाओमीलाच विचारायचे. ते सवयीनं तिला विचारायला आत वळले, आणि उंबऱ्यातच थबकले.