घंटेतला बोळा

कॉलेजात शिकवायचे तास आटोपून राजकीय विश्लेषक हर्षाली मंचरच्या घरातूनच चॅनेलच्या चर्चेला बसली होती. पक्षप्रवक्त्याला कोंडीत पकडलं, तेवढ्यात आतून घंटा वाजली. बेल्ह्याच्या बाजारात बैल विकल्यावर उरलेली त्यांच्या गळ्यातली ही घंटा हाक मारायला अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या उशाशी असायची. "मॅडम, आधी घरची आरती उरका," प्रवक्ता खिदळला. हर्षालीनं आवाज चढवला. एरवी ती आत गेल्याशिवाय न थांबणारी घंटा गप्प झाली.  वाक्य अर्धवट टाकून हर्षाली आत धावली. सासूबाई पलंगावरून पडल्या होत्या; समोरच्या टीव्हीवर तीच चर्चा चालू होती. पूर्वी पहाटे बैल जुंपताना पोरं उठू नयेत म्हणून घंटेत फडक्याचा बोळा कोंबायच्या, तसाच आत्ताही कोंबला होता. "तुझं बोलणं तुटत व्हतं. जा, टीव्हीवर खुर्ची रिकामी दिसती," त्या कण्हल्या. त्यांना सावरून हर्षालीनं बोळा उपसून घंटा वाजवली. टीव्हीतल्या रिकाम्या खुर्चीमागून ती घणघणली.