मशीनखालची जागा

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी शर्ट शिवता शिवता मशीन थांबलं. पट्टा निसटला असेल म्हणून वाकून पाहिलं. पट्टा जागेवर होता, पायच हलत नव्हते. “मज्जारज्जूला सूज आहे. पायांत पुन्हा जीव येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. मग बायको मशीनखाली बसून हातांनी पायडल दाबू लागली. “हळू गं, बाही आहे!” “वरून हुकूम सोडायला काय जातंय?” दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तिचे सुजलेले गुडघे पाहून माहेरी आलेल्या थोरलीने मशीनला हाताच्या बटणावर चालणारी मोटर बसवली. बायको स्वयंपाकघरात गेली. दोन दिवस मी मुकाट शिवलं. तिसऱ्या दिवशी मोटरची वायर कात्रीने कापली आणि हाक मारली, “अगं, मोटर बिघडली!” तिने कापलेली वायर पाहिली आणि गुडघा धरून खाली बसली. “बोला, बाही की कॉलर?” त्याच वर्षी डिसेंबरात ती वारली.