पाणी कोण वापरतंय?

तळघरात पंपाच्या स्विचचं पुन्हा टक झालं. प्रेशरचा काटा तीसवर येऊन टेकला, बाहेर बोअरमधला पंप सुरू झाला आणि काटा थरथरत पन्नासकडे चढू लागला.

"वर पाणी कोण वापरतंय?" क्लेटनने विचारलं.

"कोणी नाही. लेम्पी एकटीच आहे, खिडकीपाशी बसलीय," आर्वो म्हणाला.

"मग कुठंतरी गळतंय." गावातले पंप दुरुस्त करण्यात क्लेटनची चाळीस वर्षं गेली होती. त्याने प्रेशर टाकीवर बोटाच्या पेराने वरून खालपर्यंत ठोकून पाहिलं. वर पोकळ, खाली भरीव. टाकीच्या डोक्यावरच्या झडपेला टायरची हवा बघायचा गेज लावला. नुसती हवा आली, पाणी नाही. "आतला फुगा शाबूत आहे. तुझ्यापेक्षा तुझी टाकी बरी, आर्वो. निदान धड श्वास तरी घेते."

आर्वो हसला नाही. एवढं सगळं त्यालाही करता आलं असतं. आठवडाभर रोज सकाळी तो तळघराच्या पायऱ्या उतरत होता, काट्याकडे बघत होता आणि परत वर जात होता.

अंगणापलीकडचं छोटं घर मार्लीनचं, आर्वो आणि लेम्पीच्या मुलीचं. त्या घराला पाणी याच बोअरचं. रोज पहाटे साडेपाचला हा स्विच टक करायचा आणि वर स्वयंपाकघरात लेम्पी म्हणायची, "उठली पोरगी." मग कॉफी ठेवायची.

मार्लीन फेब्रुवारीत गेली. जमीन तेव्हा दगडासारखी गोठलेली होती, म्हणून दफन आता मे महिन्यात व्हायचं होतं, माती सुटल्यावर. पोरगी गेल्यापासून लेम्पी शेगडीजवळ गेली नव्हती. पण गेल्या मंगळवारी, बर्फ वितळायला लागल्यावर, कोणी नळ सोडलेला नसताना खाली टक झालं. लेम्पी उठली. तिने कॉफी ठेवली. त्यानंतर रोज ठेवत होती.

क्लेटनने घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. काटा तरीही उतरत राहिला.

"तुमच्या घरात नाही." त्याने घराचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि भिंतीजवळच्या दुसऱ्या व्हॉल्व्हकडे हात नेला. त्याला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. क्लेटनने चष्मा वर करून वाचलं. 'पप्पा, बंद करायच्या आधी फोन करा!!' एकदा तिच्या डोक्यावर साबण असताना आर्वोने पाणी बंद केलं होतं.

क्लेटनचा हात तसाच राहिला. "फिरवू?"

आर्वोने मान डोलावली.

व्हॉल्व्ह फिरला. काटा बेचाळीसवर थांबला. दोघे त्याच्याकडे बघत उभे राहिले. तो हलला नाही.

"तिच्याकडचा पाईप फुटलाय," क्लेटन म्हणाला. "थंडीत फुटला, पण आतला बर्फच बूच होऊन बसला असणार. आता तो वितळला." मग त्याच्या लक्षात आलं. "अरे, तू पाईप रिकामे केले नाहीस? दर ऑक्टोबरात सरोवराकाठची वीस घरं तू थंडीसाठी बंद करतोस. पाईप रिकामे न करता घर थंड सोडलं म्हणून त्या शिकागोवाल्याला आख्ख्या गावासमोर गाढव म्हणाला होतास!"

"तिच्या हीटरच्या गॅसची टाकी बाहेरच आहे," आर्वो म्हणाला. "ती बंद केली."

"आणि आत?"

आर्वोने त्या पुठ्ठ्याचा दोरा सरळ केला. "लेम्पीला सांगितलं, सगळं केलं म्हणून."

क्लेटनने गेज पुसून खिशात टाकला. बराच वेळ तो पुसत होता.

"हा उघडा ठेवलास तर महिन्याभरात पंप जळेल," तो म्हणाला. "तिच्या घराचं मी बघतो. किल्ली तेवढी दे. तुला यायची गरज नाही." आणि कॉफीसुद्धा न मागता तो तळघराच्या बाहेरच्या दाराने निघून गेला.

आर्वो वर आला. लेम्पी आता सिंकपाशी उभी होती. शेगडीवर कॉफीचं भांडं ठेवलेलं होतं, खाली जाळ नव्हता.

"आवाज थांबला," ती म्हणाली.

"गळती होती. तिच्याकडे." तो दारातच उभा राहिला. "लेम्पी, मी आत गेलोच नव्हतो. पाईप रिकामे केले म्हणालो, ते खोटं होतं."

"माहीत आहे मला."

ती वळली नाही. खिडकीतून बाहेर बघत होती. अंगणात आता चिखल होता, कडेकडेला काळपट बर्फ.

"तेव्हा बर्फात तुझी पावलं दिसत होती इथून," ती म्हणाली. "तिच्या पायरीपर्यंत गेलेली. तिथं बर्फ सगळा तुडवलेला. मग परत आलेली. नवा बर्फ पडेपर्यंत रोज बघत होते मी."

तिने नळ सोडला. खाली भांडं नव्हतं, हातही नव्हता. पाणी नुसतं सिंकमध्ये पडत राहिलं. आर्वो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने नळ बंद केला नाही.

खाली टक झालं.

दोघांनी एकदमच अंगणापलीकडच्या खिडकीकडे पाहिलं.