दोन गावांची सोडत

मांडीवर बाळ पेंगत होतं, म्हणून ज्योतीने एका हातानेच चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. दोन गावं, दोन चिठ्ठ्या. सावेडीतल्या घरात दुपारचं ऊन फरशीवर सांडलं होतं, आणि खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होता होत नव्हती.

विद्यापीठाचं एक प्रशिक्षण तिने बाळंतपणानंतर लगेच धरलं होतं. आरोग्य कुणाच्या वाट्याला येतं, कुणाच्या येत नाही, हे आकड्यांनी कसं शोधायचं ते त्यात शिकवत. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती मोबाईलवर धडे ऐकायची. डोळा लागायचा, तेव्हा आकडे पाखरांसारखे थव्याने उठायचे आणि जामखेडकडच्या माळावर जाऊन उतरायचे.

आता शिकलेलं करून बघायची वेळ आली होती. माळावरची दोन शेजारगावं त्यासाठी घेतली होती, खडकमाळ आणि नवलवाडी. त्यातल्या एका गावात वर्षभर नर्स गरोदर बायांच्या घरी जाणार, रक्तदाब बघणार, अडीनडीला गाडी तयार ठेवणार. दुसऱ्या गावाला तेच सगळं पुढल्या वर्षी. नर्स एकच होती, आणि तिने शिवेपलीकडे पाऊल टाकायचं नव्हतं. नाहीतर दोन गावांतला फरक मोजणार कसा?

"आपण निवडायला बसलो की ओळखीचं गाव निवडतो," प्रशिक्षणाचे सुश्रुत सर सांगत. "विषमता तिथूनच सुरू होते. चिठ्ठीला कुणाचंच सोयरसुतक नसतं."

खडकमाळ हे ज्योतीचं माहेर. सरांना ते माहीत होतं, म्हणून तिने चिठ्ठ्या फक्त लिहायच्या, काढायच्या दुसऱ्या कुणी, असं ठरलं होतं. नवलवाडीत तिची धाकटी बहीण निकिता दिली होती. हे सरांना माहीत नव्हतं, आणि ज्योतीने सांगितलंही नाही.

निकिताला सातवा लागला होता. याआधी दोनदा तिच्या अंगावर सूज आली, रक्तदाब चढला, आणि दोन्ही वेळा पाळणा रिकामाच राहिला. दोन्ही बाळंतपणं सासरी. आपल्या घरचं लेकरू आपल्याच घरात जन्मलं पाहिजे, हा सासूबाईंचा हट्ट.

ज्योतीचं तसं नव्हतं. ओटी भरून तिला खडकमाळला नेलं होतं. एकदा वेस ओलांडली की बाळ कुशीत आल्याशिवाय मागे फिरायचं नाही. नवरा तापाने फणफणला तरी आईने तिला सावेडीला जाऊ दिलं नव्हतं. ते दिवस आठवले की अजून तिला शेगडीवरच्या ओव्याचा वास यायचा. निकिताच्या वाट्याला तो वासही आला नव्हता.

परवाच निकिताने फोनवर विचारलं होतं, चिठ्ठ्या कोण लिहिणार म्हणून.

"मीच."

निकिता हसली. "मंग लई बरं झालं, ताई."

ज्योतीने पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं, नवलवाडी. बाळाने झोपेत ओठ हलवले. तिने दुसरी चिठ्ठी पुढे ओढली, क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं, आणि तिच्यावरही नवलवाडीच लिहिलं. दोन्हींच्या घड्या अगदी सारख्या घातल्या.

सोडत दोन्ही गावांच्या शिवेवरच्या मारुतीपुढे झाली. चिठ्ठी काढायचा मान खडकमाळच्या कडूबाईंना दिला होता. दोन्ही गावांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. डोळ्यांना पट्टी बांधू लागल्यावर त्या म्हणाल्या, उघडे ठेवले तरी मला काय दिसतंय, आणि मंडप हसला. त्यांनी घागरीत हात घातला. नर्सने चिठ्ठी उघडून नाव वाचलं.

नवलवाडीच्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. खडकमाळच्या बाया लुगडी झटकत उठल्या. कडूबाईंनी पट्टी सोडली, आणि नुसत्या आवाजाच्या रोखाने सरांकडे तोंड केलं.

"पुढल्या वर्सी म्हंजे? पोटातल्यांनी तवर थांबायचं व्हय?"

सर हातातले कागद चाळू लागले. ज्योतीच्या डोळ्यांपुढे खडकमाळातल्या कुठल्याशा गरोदर बाईचा चेहरा येऊ बघत होता. तिने तो येऊ दिला नाही. घागर उचलायच्या निमित्ताने तिने उरलेली चिठ्ठी मुठीत घेतली.

"माहेर हुकलं तुमचं," सर हळू आवाजात म्हणाले, "तरी चेहऱ्यावरची रेष हलली नाही. हे शिकवून येत नाही, ज्योतीताई."

तिने बाळाचं टोपडं सारखं केलं.

इथवर आलंच होतं, तर आईला भेटून जावं म्हणून ती बाळाला खांद्याशी धरून खडकमाळच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना ज्वारी हलत होती. चालता चालता मुठीतल्या चिठ्ठीचे तिने बारीक तुकडे केले, आणि वाऱ्याने ते पांढऱ्या फुलपाखरांसारखे धाटांवरून नेले. तिने निकिताला फोन लावला. तो उचलला गेला नाही. झोपली असेल, तिला वाटलं. आता झोपू दे निवांत.

घराच्या ओट्यावर हिरव्या बांगड्या वाजल्या.

निकिता बसली होती. सुजलेले पाय पुढे पसरलेले, पदरात ओटीचा नारळ आणि तांदूळ तसेच. आई तिच्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडत होती. सासू केवढी अडून बसली हुती, आई सांगत होती, पर पोरीनं दोन दिवस अन्न सोडलं, तवा कुठं आज सकाळी वेस ओलांडू दिली.

निकिताने बाळाला घ्यायला हात पसरले, आणि ज्योतीला जवळ ओढून ती कानाशी हळूच म्हणाली, "चिठ्ठ्या तू लिवणार म्हणल्यावर मी काय तिथं बसून ऱ्हाते व्हय, ताई? माहेरचं गाव सोडून तू दुसऱ्याचं नाव लिवशील का कदी?"