पाटीवरचं आडनाव

"पाटी लाव, पन आडनाव नको," वत्सलाबाई म्हणाल्या. "नुसतं 'रुपा, वकील' लिख. तितलंच बस."

रुपाने मान हलवली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तळोद्यात खोली मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते. वसावे, पाडवी, वळवी असं एखादं डोंगरातलं आदिवासी आडनाव कानावर पडलं की रिकाम्या खोल्या एकाएकी भरलेल्या निघत. त्यात एकटी बाई म्हटल्यावर बोलणंच खुंटे. ज्यांच्या हाताखाली ती काम शिकली, ते नवनीत वकील तर तोंडावर म्हणाले होते, "बाई आहेस, तेवढी अडचण पुरे. त्यात वसावेची भर कशाला? झाकून ठेव."

म्हणून ही खोली बघायला आली तेव्हा तिने फक्त "रुपा" सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याची कुळी काढणाऱ्या वत्सलाबाईंनी नेमकं तिलाच आडनाव विचारलं नाही. किल्ली हातावर ठेवली आणि आत गेल्या. देव पावला, असं रुपाला वाटलं.

वत्सलाबाई पाटलाच्या घरच्या. तोंडाने फटकळ. नवरा जाऊन वर्षं लोटली तरी दारावर पाटी त्याचीच होती, हेमकांत दगा पाटील. आखाजीच्या सणाला गल्लीतल्या सुना माहेरी जाऊन झोके घेत, वत्सलाबाई मात्र घरीच. माहेर धरणात बुडालं, असं सांगत.

त्यांची नजर घारीची. रुपा ओट्यावर उकिडवी बसली की आतून हाक येई, "अशी नको बठू, लोके देखतस." आईशी फोनवर भिलीत बोलायला लागली की भिंतीवर थाप पडे, "पहिले दार लाय!" रुपा घाईने दार लावी. म्हातारीने किती ऐकलं असेल? एकदा आईने जीपवाल्याबरोबर वाळवलेल्या कैरीच्या फोडी पाठवल्या. वत्सलाबाईंनी नाक मुरडून पिशवीच उचलून नेली. "गल्लीमा दिसाले नको. मी फेकी देसू." दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर वरण आणून दिलं. छान आंबट होतं.

बिनआडनावाची पाटी लागली. गल्लीत कोणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं शांतीबाईचं. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावरची ही बाई. जन्मात भिलीशिवाय दुसरी बोली तिच्या जिभेवर आली नव्हती. नवऱ्याने दुसरी आणून तिला घराबाहेर काढलं. पंचात सगळे पुरुषच, त्यांनी नवऱ्याचीच री ओढली. उरलं कोर्ट. घरात राहू द्यावं म्हणून तिचा तिथे अर्ज होता. कोणीतरी सांगितलं, तळोद्याला वसावे वकीलबाई आहे, आपल्यातलीच आहे. तेवढं नाव घोकत ती तारखेच्या आदल्या दिवशी खाली उतरली, आणि तशीच परत गेली.

रुपाला हे कळलं ते पुढच्या बाजाराला, तिची नि शांतीबाईची गाठ पडली तेव्हा.

"तुझ्या घराशी आले होते की," शांतीबाई म्हणाली. "म्हातारी होती दारात. वसावे इथे कोणी राहत नाही म्हणाली. पण बोलली मायेने. पाणी दिलं. परतीची जीप कुठे लागते तेही नीट समजावून सांगितलं."

रुपाला म्हातारीचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. नाव झाकलं आपण आणि घर गेलं शांतीबाईचं.

संध्याकाळी वत्सलाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. रुपा समोर जाऊन उभी राहिली.

"मी वसावे शे. डोंगरवरनी. उद्या धुडकू पेंटर पाटीवर मन्हं पुरं नाव लिखाले येनार शे. खोली खाली कर सांगशात, ते करी देसू."

वत्सलाबाईंनी मान वर केली नाही. बोटं तांदळात फिरतच होती.

"त्या बाईनं काय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

"तारीख गयी. अर्ज फेटाळी दिधा. मी परत अर्ज करसू, पन आज तिले घर नही."

बोटं थांबली. वत्सलाबाई ताट तसंच टाकून उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. रुपाला उत्तर मिळालं. तिने बॅग भरायला घेतली.

सकाळी धुडकू डबा आणि कुंचला घेऊन स्टुलावर चढला. जुनी पाटी त्याने पांढरी करून घेतली आणि वर 'अ‍ॅड. रुपा' लिहिलं. पुढचा 'व' उमटला तशा समोरच्या शोभाबाई ओट्यावर आल्या. 'वसावे' पूर्ण होईतो अर्धी गल्ली गोळा झाली होती.

"वत्सलाबाई," शोभाबाईंनी हाळी दिली, "बाहेर या! देखा तुम्हना घरमा कोन ऱ्हास ते!"

वत्सलाबाई पदर खोचत बाहेर आल्या. दाराशी रुपाची बॅग भरून ठेवलेली होती. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, शोभाबाईंकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"पुसी टाकू का, मावशी?" धुडकूने विचारलं.

"खाले जागा शे का रे?"

"शे ना."

"मंग तठे मन्हं नाव लिख. सासरनं नही, माहेरनं. फुलवंता पाडवी."